कोवळा हात आणि कामाचे मोजमाप

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. मग हमालांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून त्याविषयी का बोलावे, अशी शंका श्रोत्यांस येणे साहजिक आहे. आमचे उत्तर इतकेच की, तरुण माणसाच्या अंगचे बळ कसे वापरावे आणि कसे राखावे, याचा जितका बारीक हिशेब या खेळात मांडला गेला आहे, तितका आमच्या धंद्यातही कोणी मांडलेला नाही.

प्रथम थोडी ओळख. आपल्या गोलंदाजाच्या जागी तेथे पिचर असतो. क्रिकेटमध्ये दोन्हीकडच्या यष्ट्यांत ६६ फुटांचे अंतर. पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो. तो धावत येत नाही, मात्र कोपर वाकवून फेकण्याची त्याला मुभा असते. पाय, कंबर व खांदा यांचे सारे बळ शेवटी हातात उतरते. हात मागे झुकून निमिषार्धात पुढे वळतो, तेव्हा कोपराच्या आतील बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर जबर ताण पडतो. भोवतालचे स्नायू ताजे असेतो ते हा ताण वाटून घेतात. ते थकले की अस्थिबंधावरचा भार वाढतो. त्यास झालेली बारीक इजा विश्रांतीने भरून येते. विश्रांती न मिळाल्यास वाढत जाते. वाढीच्या वयात तर हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा कोवळी असते व अनेकदा इजा प्रथम तेथेच होते.

१९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिसच्या संघातील टॉमी जॉन या पिचरच्या निकामी कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातील कंडरा बसविली. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला व १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रिया थोर खरी. परंतु तिच्यामुळे ‘तुटले तर जोडून घेऊ’ अशी एक घातक समजूतही पसरली. जोडलेला हात सामन्यास योग्य होण्यास बहुधा वर्षाहून अधिक काळ जातो, आणि काहींना पूर्वीची जागा पुन्हा मिळतच नाही.

यास्तव मोजमाप आले. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ४८१ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेतला. (बेसबॉलच्या पूर्ण सामन्यात नऊ डाव असतात.) वर्षाला शंभराहून अधिक डाव फेकणाऱ्या मुलांत गंभीर दुखापतीचा संभव साडेतीन पट आढळला. मुलांच्या लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी फेकी मोजण्यास आरंभ केला. कारण एक डाव दहा फेकींतही आटोपतो आणि चाळीसही घेतो. २०१४ साली अमेरिकेत वयानुसार मर्यादा सुचविण्यात आल्या : ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५, १३ ते १६ वर्षांच्याने ९५, १७-१८ वर्षांच्याने १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ वा अधिक फेकी केल्यास पुढे चार दिवस विश्रांती घ्यावी, असेही त्यात सांगितले आहे.

येथपर्यंत काम अंकगणिताचे आहे. खरी अडचण यापुढे आहे. मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडूनही खेळतो, आणि प्रत्येक जण आपापलीच वही पाहतो. शिवाय थांबावेसे कोणालाच वाटत नाही. संघाला विजय हवा, पालकांना नाव हवे, आणि मुलगा स्वतःच म्हणतो, ‘मला काही होत नाही.’ आमच्याकडे विशीतला हमाल हेच म्हणून आणखी दोन पोती उचलतो. त्याची पाठ चाळिशीत बोलू लागते, तेव्हा ती दोन पोती कोणाच्या स्मरणातही नसतात.

जपानमध्ये २०१९ च्या जुलैत याची कसोटी लागली. ओफुनातोच्या शाळेत रोकी सासाकी हा १७ वर्षांचा पिचर होता. त्याच वर्षी त्याने ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू फेकला होता. २१ जुलैस त्याने बारा डावांत १९४ फेकी केल्या, २४ जुलैस १२९. दुसऱ्याच दिवशी प्रांताचा अंतिम सामना होता. तो जिंकला तर शाळा पस्तीस वर्षांनी कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाणार होती. त्याच कोशिएनमध्ये १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने एका सामन्यात २५० फेकी केल्या, आणि जपानने ती शौर्यकथा म्हणून जपली. ओफुनातोच्या प्रशिक्षकाने मात्र सासाकीला खेळविलेच नाही. संघ २-१२ असा हरला. शाळेत संतप्त दूरध्वनी आले. पुढे २०२० पासून जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये आठवड्याला ५०० फेकींची मर्यादा आली. १० एप्रिल २०२२ रोजी व्यावसायिक सामन्यात सासाकीने प्रतिपक्षाच्या एकाही फलंदाजास पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही.

तथापि मर्यादा पाळली म्हणजे हात अभंग राहिलाच, असे आम्ही म्हणणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत गेल्यावर सासाकीचा खांदा दुखावला. वॉशिंग्टन संघाने शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीपोटी स्टीफन स्ट्रासबर्गला २०१२ च्या सप्टेंबरात थांबविले. त्याच्याविना संघ पुढच्या फेरीत हरला. २०१९ च्या जागतिक मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्यानंतर तो फार थोडे सामने खेळू शकला. विश्रांती ही विम्यासारखी आहे : हप्ता आज भरावा लागतो आणि खात्री मिळत नाही, मिळतो तो फक्त संभव.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. मुलाची वही एकच असावी, मग तो कितीही संघांकडून खेळो. मर्यादा हंगामापूर्वी लिहून ठेवावी. सामना रंगात आल्यावर ती ठरवू नये. वेग उतरला, कोपर खाली आले किंवा नेम चुकू लागला, तर आकडा भरलेला नसला तरी थांबवावे. आणि थांबविण्याचा अधिकार अशा माणसाकडे असावा, ज्याचे पद वा मान त्या दिवशीच्या विजयावर अवलंबून नाही. ओफुनातोच्या प्रशिक्षकाने पराभव व लोकांचा रोष दोन्ही आपल्या अंगावर घेतले. प्रत्येक मुलाच्या वाट्याला इतका खंबीर माणूस येईलच असे नाही. नियम करावयाचा तो त्याचसाठी.