राजूर सापडत का नाही?

वणी तालुक्यातल्या, कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांच्या राजूरला नावाचे भाऊबंद बरेच. अकोले तालुक्यात एक राजूर, भोकरदन तालुक्यात गणपतीचं राजूर, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा. लिहिणारे कधी दीर्घ ऊकार देतात, कधी ऱ्हस्व. त्यात ‘राजुरात’ म्हणताना तो ऱ्हस्वच करावा लागतो. हजारो पत्त्यांच्या यादीतून नेमकं गाव काढायचं तर साधा शोध पुरत नाही, पॅटर्न लागतो: ‘राज’, मग कोणताही उकार, मग ‘र’. पुढे काना चालणार नाही असं बजावलं की राजुरा गळतं, पण त्याच्याबरोबर ‘राजुरात’ही गळतं. म्हणजे काना आला आणि तिथेच शब्द संपला, तरच नकार द्यायचा. इतकं बारीक सांगता येतं अशी भरपूर वापरातली लायब्ररी म्हणजे पीसीआरई. ती सी भाषेत लिहिलेली आहे, आणि पायथन, गो किंवा रस्टमधून तिला हाक मारायला गेलं की गैरसमजांची रांग लागते.

पहिला समज नावातून येतो: पीसीआरईमधला ‘पी’ पर्लचा, म्हणजे ही पर्ल भाषेचीच लायब्ररी असणार. तसं नाही. केंब्रिज विद्यापीठातले फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये ती स्वतंत्रपणे लिहायला घेतली, तीही एक्झिम या मेल सर्व्हरसाठी. पर्लसारखी पॅटर्नची भाषा समजणारी, एवढंच नातं. २०१५ मध्ये तिची नवी पिढी, पीसीआरई २, आली आणि तिची फंक्शन पूर्णपणे वेगळी आहेत. जुनी मालिका २०२१ च्या ८.४५ या आवृत्तीवर थांबली. तरीही जुनी उदाहरणं उतरवून नव्या लायब्ररीला जोडू पाहणारे भेटतातच.

‘लायब्ररी तर मशीनवर आहे, मग जोडणी करणारा लिंकर नाही का म्हणतो?’ हा प्रश्न तर नेहमीचा. डेबियन किंवा उबुंटूवर बहुधा फक्त चालवण्यापुरतं पॅकेज असतं. बांधणीसाठी लागणाऱ्या हेडर फाइल आणि लिंकरला हवं असलेलं आवृत्तीविना नाव ‘डेव्ह’ पॅकेजमध्ये असतं. ते टाकलं की निम्मी तक्रार मिटते. स्थिर लायब्ररी जोडताना क्रमही पाहावा लागतो: ग्नू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून लायब्ररीचं नाव ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलनंतर यायला हवं.

खरी गंमत पुढे आहे. माहितीपुस्तिकेत ‘पीसीआरई२ कंपाइल’ नावाचं फंक्शन ठळकपणे दिलेलं असतं, आणि लायब्ररीत शोधलं तर त्या नावाचं काहीच नसतं! कारण पीसीआरई २ ची बांधणी आठ, सोळा आणि बत्तीस बिटांसाठी वेगवेगळी होते, आणि फंक्शनच्या खऱ्या नावाला शेवटी अंडरस्कोर आणि तो आकडा चिकटलेला असतो. सी मध्ये हेडरमधलं मॅक्रो हे गुपचूप जोडून देतं. दुसऱ्या भाषेला मॅक्रो दिसत नाहीत, त्यामुळे आठचा आकडा आपणच लिहायचा. पायथनमधून सी लायब्ररी वापरण्याचं साधन म्हणजे सीटाइप्स; त्याचा सापळा आणखी वाईट. परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार सांगितला नाही तर तो साधा पूर्णांक धरला जातो, चौसष्ट बिटांचा पत्ता बत्तीस बिटांत कापला जातो, आणि प्रोग्रॅम कोसळतो. दोष पॅटर्नचा नसतो, पण तासन्‌तास तोच तपासला जातो.

मग एकदाचं जोडलं जातं आणि देवनागरी समोर येते. ‘मु. पो. राजूर’ या ओळीत शोध घेतला तर माणसाला राजूर आठ चिन्हांनंतर दिसतं. लायब्ररी मात्र सोळा सांगते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि आठ बिटांची लायब्ररी बाइटच मोजते. ‘राजूर’ पाच चिन्हांचं, म्हणून पंधरा बाइटांचं, शेवट एकतीसवर. चिन्हं मोजणाऱ्या पायथनने हे आकडे तसेच वापरले तर भलताच तुकडा हाती येतो. पीएचपीची पॅटर्नची फंक्शनही याच लायब्ररीवर उभी आहेत, आणि यूनिकोडचा पर्याय दिला तरी त्यांनी सांगितलेली जागा बाइटांतच असते.

‘यूनिकोड चालू केलं की मराठी चालते’ हा समज तर सर्वात महागात पडतो. शब्दातलं अक्षर ओळखण्याची बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण यूनिकोडच्या गुणधर्मांसकट वापरली, तरी २०२४ च्या १०.४३ आवृत्तीआधी ती काना, मात्रा, उकार यांपैकी काहीच अक्षर मानत नव्हती. राजूरचे र, ज, र असे तीन सुटे तुकडे पडत. नव्या आवृत्तीत उकार अक्षरात गणला जातो, पण काना अजूनही नाही, कारण यूनिकोडने त्याला वेगळ्या वर्गात टाकलंय. आता ‘र’ सुटतो आणि ‘जूर’ एकत्र राहतं. उपाय आहे: अक्षरं आणि त्यांना जोडून येणारी सर्व प्रकारची चिन्हं असे दोन्ही वर्ग पॅटर्नमध्ये स्पष्ट मागायचे.

मेमरीबद्दलही एक भाबडी आशा असते, की पायथन किंवा गोचा कचरा गोळा करणारा सगळं आवरेल. लायब्ररीने घेतलेली जागा त्याला माहीतच नसते; ती लायब्ररीच्याच फंक्शनने सोडवावी लागते.

आणि सी मध्ये आहे म्हणून वेगवानच? बहुतेकदा हो. पण पीसीआरई एक वाट फसली की मागे येऊन दुसरी पाहते, आणि वाईट पॅटर्नमध्ये वाटांची संख्या भरमसाट वाढते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सुरक्षा नियमांतला असाच एक पॅटर्न सुटला आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट २७ मिनिटं बंद पडल्या. लायब्ररीत प्रयत्नांवर मर्यादा घालता येते. तिचा मूळ आकडा एक कोटी आहे. लोकांनी भरलेल्या पत्त्यांसाठी तो बराच खाली आणावा लागतो.