मागच्या चाकांवर दुसऱ्याची नजर

ट्रक चालवणाऱ्याला स्वतःची गाडी कधीच पूर्ण दिसत नाही. बारा टायरच्या गाडीत तो पुढच्या चाकांवर बसलेला असतो. मागचे जोडटायर, ताडपत्रीची टोकं, दोऱ्या, मागचे दिवे हे सगळं पाठीमागे. आरशात दिसते ती एक अरुंद पट्टी, आणि रात्री तीही धड दिसत नाही. पूर्वी हे बघायला क्लीनर असायचा. आता कितीतरी गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. त्यामुळे मागून येणारा, शेजारून पुढे जाणारा अनोळखी ड्रायव्हर हाच त्याचा मागचा डोळा. लासलगाव-पिंपळगावकडून वाशीच्या बाजारात कांदा नेणाऱ्या गाड्यांतून जाता-येता मी हे बघत आलो आहे.

जोडटायरमध्ये दगड अडकतो. गाडीने वेग घेतला की तो कधीही सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ शकतो. दुसरा धोका हवेचा. जोडीतल्या एका टायरची हवा गेली तरी भार दुसरा उचलतो, गाडी चालत राहते आणि केबिनमध्ये काहीच जाणवत नाही. मऊ पडलेला टायर दबत-घासत तापतो, फुटतो, कधी पेटही घेतो. शेजारून जाणारा ड्रायव्हर अशा वेळी हॉर्न देतो, हात बाहेर काढतो आणि बोट खाली, चाकाकडे दाखवतो. मूठ उघड-मीट केली की इंडिकेटर चालू राहिलाय. एवढं सांगून तो निघून जातो. ज्याला सांगितलं त्याने गाडी कडेला घेऊन टामीने, म्हणजे लोखंडी सळईने, टायर ठोकून बघायचे. हवा भरलेला टायर टणक वाजतो, गेलेला बद्द.

या नजरेची खरी परीक्षा कसारा घाटात होते. इगतपुरीजवळ घाटनदेवीला हात जोडून गाड्या उतरू लागतात. कांद्याने भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरवली तर ड्रम तापून फुगतो, लायनर घसरायला लागतं, पाय दाबत राहतो पण गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. एका रात्री आमच्या पुढच्या गाडीच्या चाकांतून धूर येताना दिसला आणि जळका वास केबिनपर्यंत आला. आमच्या ड्रायव्हरने लांबूनच डिपर मारायला सुरुवात केली आणि पुढच्याने रुंद जागा बघून गाडी थांबवेपर्यंत तो थांबला नाही. अंतर मात्र राखलं. गाडीतून उतरल्यावर पुढच्या गाडीचा पोरगेला ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन चाकाकडे धावला, तेव्हा आमच्या ड्रायव्हरने त्याचा हात धरला. “अरे बाळा, पाणी नको टाकू. ड्रम तडकंल. आपोआप गार होऊ दे.” मग दोघं शेजारी उभे राहिले. अर्धा तास गेला, वाशीच्या बाजाराची वेळ जवळ येत होती, तरी आमच्या ड्रायव्हरने घाई केली नाही.

या सगळ्या खुणा चांगल्याच आहेत असं मी म्हणणार नाही. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ ‘मी वळतोय’ असा असतो की ‘तू ओव्हरटेक कर’ असा, हे दोन राज्यांतल्या दोन ड्रायव्हरांना वेगवेगळं वाटू शकतं. या घोळात जीव जातात. रस्ता देण्यासाठी इंडिकेटर वापरणं बंदच झालं पाहिजे. तसंच दगडांचं. बंद पडलेल्या गाडीमागे धावत जाऊन झाडाच्या फांद्या आणि दगड मांडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि गाडी दुरुस्त होऊन गेल्यावर तिथेच राहिलेले दगडही. त्यांनी एक गाडी वाचवली, पण पुढची मोटारसायकल त्यांच्यावरच आपटू शकते.

दुरुस्तीतली मदत मात्र आता आटत चालली आहे. जुन्या इंजिनाच्या डिझेलच्या नळीत हवा शिरली, म्हणजे त्याने ‘एअर धरली’, की कोणीही पाना घेऊन एअर काढून द्यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक आलं आणि बिघाड सेन्सरमध्ये गेला. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. तरीही ड्रायव्हर ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते धूर स्वच्छ करणारं द्रव संपून इंजिनाची ताकद उतरली, तर दुसरा आपल्या कॅनमधलं काढून देतो.

समृद्धी महामार्गावर धोका वेगळा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो. पुढची गाडी हळूहळू पट्ट्याकडे सरकते, झटक्यात परत येते, पुन्हा सरकते. हे बघितलं की मागचा लांब हॉर्न देत राहतो. घाटाच्या रस्त्यावर ढाब्याशी थांबवून चहा पाजता यायचा. इथे तशा जागा दूर-दूर आहेत.

आणि अपघात? थांबायची भीती खरी आहे. मोठी गाडी उभी दिसली की जमाव तिच्यावरच धावतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं.

“कायदा जमावाला वाचून दाखवायला वेळ मिळतो का, साहेब?” तो म्हणाला. मग त्याने त्याची पद्धत सांगितली. अपघाताच्या पुढे शंभर पावलांवर गाडी लावायची, म्हणजे ठोकलेली गाडी आपली नाही हे लांबूनही कळतं. चारही इंडिकेटर चालू करायचे, १०३३ ला फोन लावायचा आणि चालत मागे जायचं.