मुक्या मारावर मुकं फळ

अनंत म्हटला की आपल्याला देवघर आठवतं, नाहीतर कुणाची तरी वेणी. जपानात याच झाडाला कुचिनाशी म्हणतात. कुचि म्हणजे तोंड, नाशी म्हणजे नसणं. फळ पिकलं तरी उकलत नाही म्हणून हे नाव, असं तिथे सांगतात. गो आणि शोगी या बैठ्या खेळांच्या जाड पटांचे पायही याच फळाच्या घाटाचे असतात, बघ्यांनी तोंड उघडू नये म्हणून. आमच्या कट्ट्यावरच्या बुद्धिबळाला असे पाय कधीच बसवायला हवे होते.

काम्पो या जपानी पारंपरिक वैद्यकातला या फळाचा कारभार दोन ओळींत उरकतो. वाळलेलं फळ म्हणजे सान्शिशी. काविळीवरच्या इन्चिन्कोतो काढ्यात ते आपल्या दवण्याच्या एका भाऊबंदासोबत आणि रेवाचिनीसोबत पडतं. बाकी नावं ग्रंथांत आहेत.

माझा जीव अडकलाय तो या फळाच्या तिथल्या घरगुती लेपात. वाळकं, नारिंगी फळ कुटायचं, पुडीत गव्हाचं पीठ आणि अंड्यातलं पांढरं घालून कालवायचं, फडक्यावर थापून मुरगळलेल्या घोट्यावर बांधायचं. दुसऱ्या दिवशी सोडलं की कातडीवर रंग चढलेला. आपल्या आंबेहळदीची सख्खी बहीणच! मुक्या मारावर मुकं फळ.

ग्रंथात नाही ते औषधच नाही, असं मानणारे काही विद्वान मित्र या लेपाला हसतात. हसोत. काढ्याला वैद्य लागतो. लेपाचं सामान तिथल्या स्वयंपाकघरातच असतं. नववर्षाच्या कुरी-किन्तोनला, म्हणजे रताळं-चेस्टनटच्या गोड लगद्याला, सोनेरी रंग याच फळाचा. मुळ्याचं ताकुआन लोणचं त्यानेच पिवळं करतात आणि उसुकी गावचा पिवळा भातही. रंगद्रव्य क्रोसिन, तेच जे केशरात असतं. स्वयंपाकाने जपलं म्हणून हे फळ औषधालाही हाताशी राहिलं. आता घोट्यावर आयती चिकटपट्टी लागते आणि घरात फळ रंगापुरतं उरलं.

दुसऱ्या टोकाचे मित्र म्हणतात, वनस्पती आहे, कितीही घ्या. त्यांनाही माझा दंडवत. फळातल्या जेनिपोसाइडचं आतड्यात जेनिपिन होतं, आणि सान्शिशीचे काढे वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याचं जपानी डॉक्टरांनीच दाखवलं. पाच वर्षांहून जास्त काळ घेणाऱ्यांबद्दलचा इशारा आता तिथल्या औषधांच्या माहितीपत्रकातच असतो. लेप बाहेर, काढा बेताने.

अनंताच्याच कुळातल्या झाडाचा डिंक, डिकेमाली, आमची आजी दात येणाऱ्या पोरांच्या हिरड्यांना चोळायची. पण अंगणातल्या अनंताला मी उभ्या जन्मात फळ पाहिलं नाही. कारण कळलं तेव्हा साठी उलटली होती: आपला अनंत दुहेरी पाकळ्यांचा. पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या, फळ धरणार कुठून? एकेरी पाकळीचं रोप शोधत मी गेल्या पावसाळ्यात नर्सरी पालथी घातली.

"एकेरीला गिऱ्हाईक नाही, काका," माळी म्हणाला, आणि दुहेरीचं रोप माझ्या पिशवीत घातलं.