रंगाखालची ठिगळे

जुने घर विकत घेणारा मनुष्य भिंतीवर टिचकी मारून पाहतो, वाशांना वाळवी लागली आहे काय याची चौकशी करतो, पावसाळ्यात छप्पर गळते किंवा कसे हे शेजाऱ्याला विचारतो. जुनी मोटार घेताना मात्र शहाणीसुरती माणसेही रंगाची चकाकी पाहून भुलतात. त्यातून ती मोटार दोन आसनांची, बसक्या बांध्याची, कापडी टप मागे टाकून वाऱ्याशी शर्यत लावणारी असली, म्हणजे तर विवेकाला रजाच मिळते. अशी गाडी घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तिच्या पोटातून जे बाहेर पडते, त्याविषयी मी आज बोलणार आहे. आधीच्या मालकांनी केलेली निकृष्ट डागडुजी ओळखावी कशी आणि ती उसवून काम पुन्हा नीट करावे कसे, हा आपला विषय आहे. उदाहरण म्हणून इंग्लंडमधील एम. जी. बी. ही गाडी घेऊ. कारण या बाबतीत तिच्याइतकी सोसलेली दुसरी गाडी सापडणे कठीण.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. टपाची आणि बंद छताची अशा दोन्ही प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. १७९८ घन सेंटिमीटरचे साधे, दणकट एंजिन, दोन कार्ब्युरेटर आणि हाताला सहज लागणारी यंत्ररचना. ज्याच्या घरी चार पाने आणि एक हातोडा, त्याला आपण हिची दुरुस्ती करू शकतो असे वाटावे, इतकी ती सरळ आहे, आणि हा सरळपणाच तिला भोवला. पुढे जुन्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा त्या तरुण, हौशी आणि रिकाम्या खिशाच्या मालकांच्या हाती एकामागून एक गेल्या. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि अकलेप्रमाणे काहीतरी जोडले, काहीतरी कापले. इंग्रजी गाड्यांच्या शौकिनांत ‘भयंकर पूर्वमालक’ या अर्थाची तीन आद्याक्षरे चांगलीच रूढ झाली आहेत. कोणताही विचित्र जोड सापडला की त्याचे पितृत्व त्या अनाम गृहस्थाकडे जाते. आपणही एक दिवस कोणाचे तरी पूर्वमालक होणार आहोत, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात नसते.

प्रथम पत्र्याचे पाहू, कारण प्राणाशी गाठ तेथे आहे. हिच्या आधीच्या एम. जी. ए. गाडीला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा होता व वर शरीर बसविलेले होते. एम. जी. बी.ला असा वेगळा सांगाडा नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना झाळून तयार झालेले शरीर हाच तिचा सांगाडा. टपाच्या गाडीला वरून छताचाही आधार नसतो. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरण्याचा मोठा भार दोन्ही दारांखालच्या पट्ट्यांवर पडतो. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. आपण उंबरठा म्हणू या. हा उंबरठा म्हणजे एकेरी पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंच्या मधला उभा पडदा आणि खालून बसविलेला पन्हळीसारखा भाग, अशी ती बंद पेटी आहे. पेटी बंद आहे म्हणून ती ताठ आहे. आणि पेटी बंद आहे म्हणूनच तिच्यात शिरलेला चिखल व पाणी आत राहून पत्र्याला आतून खात असते. गंज बाहेर दिसतो तेव्हा आतले काम बहुधा आटोपलेले असते.

आता ठिगळ कसे जन्मते ते पाहा. ब्रिटनमध्ये १९६० साली जुन्या मोटारींची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. आरंभी ती दहा वर्षांच्या गाड्यांना लागू होती. १९६७ साली ती मर्यादा तीन वर्षांवर आली. भार पेलणारा पत्रा गंजला असेल तर गाडी नापास. उंबरठा खऱ्या अर्थाने बदलावयाचा तर पुढच्या व मागच्या मडगार्डांची खालची टोके कापावी लागतात, कारण पेटीची दोन्ही टोके त्यांच्या मागे दडलेली असतात. म्हणजे वेळ आला, पैसा आला, पुन्हा रंग आला. त्यापेक्षा गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा पांघरून कडेने झाळून टाकला की बाहेरून सारे नवेकोरे. काहींनी तेवढेही केले नाही. भोकात जाळी किंवा वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून लांबी भरली, घासली आणि रंग मारला. वर्तमानपत्राची ही सेवा संपादकांच्या कल्पनेतही आली नसेल.

ही लबाडी पकडण्याच्या रीती साध्या आहेत. मऊ कापडात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक दाराखालून, चाकांच्या कमानींवरून फिरवावा. लोखंडाला तो चिकटतो. जाड लांबीवर त्याची पकड सुटते. मग दार बंद करून त्याच्या मागच्या फटीवर नजर ठेवावी आणि गाडीची ती बाजू जॅकने बेताने उचलावी. फट वर अरुंद झाली, दार अडकू लागले, तर पाठीचा कणा वाकतो आहे असे समजावे. तिसरी खूण हिशेबाची. मूळ उंबरठ्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची भोके असतात. ती बुजलेली दिसली की कोणीतरी तेथे हात फिरवला आहे हे नक्की.

दुरुस्तीत घाई केली तर नवा माणूसही पूर्वमालकाच्याच पंक्तीस जाऊन बसतो. गंजका पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार बसवावे लागतात. नाहीतर उंबरठा कापताच टपाची गाडी मध्ये झुकते, आणि त्या झुकलेल्या अवस्थेत नवा पत्रा झाळला की बाक कायमचा होतो. जाणते कारागीर दारे जागेवर ठेवून, प्रत्येक टप्प्याला फट मोजून, मगच कायमचे टाके घालतात. आधी आतला पत्रा आणि पन्हळ, मग मधला पडदा, शेवटी बाहेरचा पत्रा. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापीत जावे लागते, आणि हा निरोगी पत्रा अपेक्षेपेक्षा नेहमी वीतभर पुढेच असतो. पेटी बंद झाल्यावर आत पातळ मेण फवारतात, म्हणजे ते सांध्यासांध्यांत शिरते.

विजेच्या तारांकडे वळू. इंग्रजी गाड्यांच्या दिव्यांवरून लूकास कंपनीच्या संस्थापकाला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याचा विनोद फार जुना आहे. माझ्या मते तो बराचसा अन्यायाचा आहे. या गाडीत कारखान्याने घातलेल्या तारांना रंगांची शिस्त होती. तपकिरी तार बॅटरीकडून सरळ येणारी, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून जाणारी, जांभळी कायम जिवंत पण फ्यूजमागची, काळी शरीराला जोडलेली. ही लिपी वाचता आली की नकाशावाचूनही बराच शोध लागतो. पूर्वमालकाने तिच्यात घरगुती दिव्याची वायर घुसवली, पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली, की लिपी संपली. अशा गाडीत दिवा मंद का, याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या गंजलेल्या काळ्या जोडात सापडते. तो कानसेने स्वच्छ करण्याऐवजी कोणी नवी तार ओढतो, तिसरा बटन बदलतो, चौथा मोठा बल्ब घालतो.

फ्यूजची कथा याहून गंभीर. वारंवार जळणाऱ्या फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची विद्या आपल्याकडेही अपरिचित नाही. त्याने दिवा लागतो. मात्र पुढे फ्यूजऐवजी तार जळते, आणि तारेबरोबर गाडीही. आणखी एक खाच अशी की, जुन्या इंग्रजी फ्यूजवर लिहिलेला ३५ अँपिअर हा आकडा तो वितळण्याचा असे. सतत वाहून नेण्याची त्याची मर्यादा सुमारे १७ असे. हे न जाणता आजच्या पद्धतीचा ३५चा फ्यूज घालणारा मनुष्य आपण अचूक वस्तू आणली अशा समाधानात असतो. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी.त बॅटरीचे धन टोक शरीराला जोडलेले होते, हेही विसरून चालत नाही. काहींनी पुढे रेडिओसाठी ते उलटवले आणि कोठे चिठ्ठीही लावली नाही. म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी जुन्या खुणांवर न विसंबता मोजयंत्राने खात्री करून घेणे भाग आहे.

एंजिनाची डागडुजी पत्र्यासारखी दिसत नाही. ती स्क्रूच्या फेऱ्यांत लपलेली असते. कार्ब्युरेटरमधील झडपेचा दांडा झिजला की त्याच्या कडेने फाजील हवा आत जाते आणि एंजिन अडखळू लागते. पूर्वमालक पेट्रोल वाढवतो. एंजिन शांत होते, पण प्लगांवर काजळी धरते. पुढचा मालक काजळी पाहून ठिणगीची वेळ सरकवतो. त्याच्या पुढचा कोणी प्लगच वेगळ्या जातीचे घालतो. एका झिजलेल्या दांड्यापायी चार गोष्टी बिघडतात, आणि प्रत्येक बदल आपापल्या दिवशी ‘दुरुस्ती’च होता. हे उलगडायचे तर शेवटच्या टोकाला हात न लावता मुळाशी जावे लागते. दांडा व त्याचे बुश नवे करावे, मग व्हॉल्व्हमधले अंतर, त्यानंतर ठिणगीची वेळ, आणि दोन्ही कार्ब्युरेटरांचा मेळ सर्वांत शेवटी.

आट्यांचे एक नमुनेदार उदाहरण या गाडीच्या आजीकडे सापडते. १९४५ ते १९४९ या काळातील एम. जी. टी. सी. गाडीचे एंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात होई, तो मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ साली मॉरिसने तो घेतला. यंत्रे फ्रेंच मापांची राहिली. त्यामुळे बोल्टाचे आटे मेट्रिक, पण त्याचे डोके मात्र इंग्रजी व्हिटवर्थ पान्याला बसणारे! शिवाय ८ मिलिमीटरच्या या बोल्टाच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर आहे. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या बोल्टात ते १.२५ असते. डोक्यावरून इंग्रजी समजून, किंवा जाडीवरून नेहमीचा मेट्रिक समजून, कोणी भलताच बोल्ट जोर करून पिळला की भोकातील आटे गेलेच. मग चिकटद्रव्य लावून तो तेथेच बसवून देण्यात येतो. यावर खरा उपाय म्हणजे भोक मोठे करून, नवे आटे पाडून, पोलादी तारेचे वेटोळे आत बसविणे. त्यात मूळ मापाचा बोल्ट पुन्हा नीट बसतो.

सर्वच जुनी कामे वाईट असतात असे मात्र मी म्हणणार नाही. रस्त्यात अडकलेल्या कोणी तारेने बांधलेली धुराची नळी ही त्या वेळची गरज होती. दोष आहे तो ती तार तशीच वर्षानुवर्षे राहू देण्याचा. काही ठिकाणी तर जुन्या कारागिराचा डाख इतका सुबक असतो की तो काढण्यास हात धजत नाही, आणि काढूही नये. परंतु ब्रेकच्या बाबतीत ही दयाबुद्धी नको. ब्रेकच्या तेलाऐवजी कोणी साधे यंत्रतेल ओतलेले असेल, तर आतली रबरे फुगतात. नुसते तेल बदलून भागत नाही, सारी रबरे नवी घालून नळ्या धुवाव्या लागतात.

हे सारे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना त्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. ज्या परीक्षकाच्या धाकाने ठिगळे लागत होती, तोच परीक्षक ठिगळे शोधूनही काढीत होता. आता ते काम मालकाकडे आले. फारच जर्जर गाडीसाठी १९८८ पासून एक मार्ग खुला झाला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साच्यांवरून एम. जी. बी.चे संपूर्ण नवे शरीर पुन्हा तयार करण्यास आरंभ केला. तो खर्च ज्यांना पेलत नाही ते उंबरठेच बदलतात. त्यांपैकी नीटनेटके लोक पेटी बंद करण्यापूर्वी आतल्या पडद्याची आणि टाक्यांची छायाचित्रे काढतात, वापरलेल्या पत्र्याची जाडी व तारीख वहीत लिहितात, आणि गाडी विकताना ती वही किल्लीबरोबर देतात.