मद्यपाशातील रुग्ण आणि स्वमदत गटाची सभा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. त्याच अध्यायात ध्वंसक आणि विक्षय या दोन विकारांचे वर्णन येते. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमात्र मद्य घेऊ लागला की हे विकार उद्भवतात, आणि देह व्याधीने क्षीण झालेला असेल तर त्यांची चिकित्सा फार कठीण होते, असे आचार्य सांगतात. म्हणजे सुटलेला रुग्ण पुन्हा घसरतो, ही गोष्ट आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. तरीही व्यवहारात आपण यकृत, अग्नी आणि निद्रा यांची चिकित्सा करतो, ‘आता घेऊ नका’ असे बजावतो आणि रुग्णास घरी पाठवितो. संध्याकाळी सात वाजता त्याने नेमके कोठे जावे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थापत्रकात नसते.

काही वर्षांपूर्वी एका रिक्षाचालक रुग्णास मी अशा सभेचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. तो त्याच दिवशी गेला. शाळेच्या फाटकाला कुलूप होते. सभेची जागा केव्हाच बदलली होती. परतताना तो बारमध्ये शिरला. पत्ता मी एका जुन्या पत्रकावरून उतरविला होता. दूरध्वनी करून खात्री करण्यास दोन मिनिटे पुरली असती. चूक सर्वस्वी माझी होती. दीड वर्ष तो दवाखान्याकडे फिरकला नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए., ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथे सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक होते आणि स्वतः मद्यपाशात सापडलेले होते, हे आपण वैद्यांनी विशेष लक्षात ठेवावे. भारतात तिचे कार्य १९५७ पासून चालू आहे. सभासदत्वाची अट एकच : पिणे थांबविण्याची इच्छा. शुल्क नाही, सभेत ऐच्छिक वर्गणीची थैली फिरते. नाव-गाव विचारले जात नाही.

सभा शोधण्याचा मार्ग अवघड नाही. ए.ए.च्या संकेतस्थळावर वा स्थानिक संपर्क क्रमांकावर चौकशी करावी. केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ आहे. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांकडूनही मार्गदर्शन मिळते. मात्र केवळ वार आणि वेळ विचारून थांबू नये. सभा मराठीत असते की हिंदीत? इमारतीच्या कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत? खुली की बंद? (खुल्या सभेस कोणीही बसू शकतो, बंद सभा केवळ पिणे सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते.) आणि सर्वांत महत्त्वाचे, पहिल्या दिवशी फाटकाशी कोणी सभासद भेटू शकेल काय? हा दूरध्वनी रुग्णासमोरच करावा आणि शेवटी त्याच्याच हाती द्यावा. पलीकडून ‘मीही पीत होतो’ हे शब्द ऐकल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो माझ्या तासाभराच्या उपदेशाने कधी पडलेला नाही.

मी स्वतः एका खुल्या सभेस बसून आलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि एकेकाने उठून आपली हकीकत सांगणे. कोणी कोणास सल्ला देत नव्हते. चरकांनी सत्त्वावजयाची व्याख्या अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह अशी केली आहे. तो निग्रह एकट्याने न करता दहाजणांच्या सोबतीने करण्याची ही रीत आहे, असे मला वाटले. काही सभा चर्चच्या सभागृहात भरतात, त्यामुळे घरच्या मंडळींना शंका येते. ए.ए. कोणत्याही धर्मपंथाशी संलग्न नाही. जागा केवळ मिळते म्हणून घेतलेली असते, हे आधीच सांगावे.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. सभा ही चिकित्सा नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबविल्यास ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम आणि ज्वर यांसह प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. असा रुग्ण प्रथम रुग्णालयात, नंतर सभेत.

औषधालयचालक बंधूंनी आणखी एक गोष्ट पाहावी. आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतोच. पिणे सोडलेल्या मनुष्यास थकवा आहे म्हणून अश्वगंधारिष्ट किंवा भूक नाही म्हणून द्राक्षासव देणे धोक्याचे आहे. मद्याचा गंध आणि चवच त्यास परत ओढते. चूर्ण, क्वाथ, वटी हे पर्याय आपल्याकडे विपुल आहेत. मृतसंजीवनी सुरा मागणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे तर जरा निरखून पाहावे.

पुष्कळदा दवाखान्यात रुग्ण येतच नाही, त्याची पत्नी येते. तिला ‘त्यांना घेऊन या’ एवढेच सांगून परत पाठवू नये. कुटुंबीयांसाठी अल्-ॲनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे आणि तिच्या सभेस जाण्यासाठी पतीने पिणे सोडलेले असण्याची आवश्यकता नाही. माझा तो रिक्षाचालक दीड वर्षाने परत आला, तो याच मार्गाने. त्याची पत्नी आधी सहा महिने तेथे जात होती. या खेपेस दूरध्वनी मी त्याच्यासमोर केला, आणि त्याला नेण्यासाठी एक सभासद माझ्या दवाखान्याच्या दारात उभा होता.