हाडं जोडणारा डॉक्टर कसा घडतो?

गाडी घसरली किंवा झाडावरून कुणी पडलं, की आपण सहज म्हणतो, "हाड मोडलंय, प्लास्टर घाला." पण प्रत्येक वेळी प्लास्टरनं भागत नाही. हाडाचे तुकडे होतात, कधी हाड कातडी फाडून बाहेर येतं. अशा अपघातग्रस्तांवर उपचार करणारा तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोपेडिक ट्रॉमा सर्जन.

शिक्षणाची वाट

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं. मग 'नीट' परीक्षा. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि 1 वर्ष इंटर्नशिप. पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन 3 वर्षांचं एम.एस. ऑर्थोपेडिक्स किंवा डी.एन.बी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षं! त्यानंतर अनेक जण ट्रॉमाची फेलोशिप करतात. एम.एस.च्या काळात रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत उभं राहावं लागतं. खरं शिक्षण तिथंच होतं.

आधी जीव, मग हाड

मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून पेशंट आला की आधी श्वास, रक्तस्राव, नाडी बघतात, एक्स-रे नंतर. काही वेळा पायातल्या स्नायूंवर सूज येऊन आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा थांबतो. काही तासांत स्नायू मरायला लागतात. ते वेळेत ओळखून चीर देऊन दाब मोकळा केला, तर पाय वाचतो. गावाकडे घट्ट पट्ट्या बांधून घेतल्यानंही असंच होऊ शकतं. बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली, तर थांबू नये.

खिळ्याची गोष्ट

पूर्वी मांडीचं हाड मोडलं की पेशंट पायाला वजन लावून कित्येक आठवडे खाटेवर पडून असायचा. 1939 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंचर यांनी हाडाच्या पोकळीत लांब स्टीलचा खिळा घातला. हाडाला आतूनच आधार मिळाला आणि पेशंट लवकर उभा राहू लागला. आज असे रॉड, प्लेट आणि स्क्रू बसवणं हे या सर्जनचं रोजचं काम. ऑपरेशन चालू असताना एक्स-रे मशीन वापरतात, म्हणून अंगावर शिशाचा जड एप्रन घालून तासन् तास उभं राहावं लागतं.

पुढे काय?

जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, खाजगी हॉस्पिटल किंवा स्वतःचा दवाखाना, सगळीकडे संधी आहे. पण झोपेची वेळ आपल्या हातात नसते, हे समजूनच ही वाट धरावी.

आणि डॉक्टर व्हा किंवा नका होऊ, एवढं लक्षात ठेवा: अपघातात मोडलेला हात-पाय ओढायचा नाही, चोळायचा नाही. काठी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन हलका बांधायचा आणि 108 ला फोन करायचा. सर्जनचं अर्धं काम तिथंच सोपं होतं.