लोकरीची टोपी एका धुण्यात का आटते?

थंडी पडली की पेटीतल्या हातविणीच्या कानटोप्या, मफलर बाहेर येतात. आजीने विणलेली टोपी चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेली, तर बाहुलीच्या मापाची होऊन निघते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि विणीचा नमदा होतो. ही टोपी पुन्हा पूर्ववत होत नाही.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. तो असा आटत नाही. धाग्याचा छोटा तुकडा जपून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली, तर लोकर खरी. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.

खरी लोकर थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणात हलकेच दाबून धुवावी. पिळू तर मुळीच नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरावी. दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने ती लांबते.

कसर लावतो तो पतंग नव्हे, त्याची अळी. घामाचे, तेलाचे डाग तिला विशेष आवडतात. म्हणून टोपी एकदाच घातली असली, तरी धुऊन, पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवावी.